विमानाचा पंचनामा

मार्चमधली गोष्ट आहे. मी नागपूरला एका एअरलाइनमधे लाइन मेंटेनन्सला आहे, एएमई, म्हणजे विमान निघायच्या आधी 'हे उडायला ठीक आहे' अशी सही ज्याच्या लायसन्सवर होते तो माणूस. कंपनीचं नाव नका विचारू, नोकरी करायची आहे अजून.

त्या दिवशी नाइट होती. तीन विमानं मुक्कामाला, दोन ए-३२० जेट आणि एक एटीआर, म्हणजे प्रोपेलरचं लहान विमान. पहिलं डिपार्चर सकाळी सहाच्या आसपास. आम्ही दोघं सही करणारे इंजिनिअर आणि चार टेक्निशियन, त्यातला एक पोरगा वर्ध्याचा, जॉइन होऊन चार महिने झालेला. बाराच्या सुमारास काटोलवरून काकाचा फोन. एवढ्या रात्री काकाचा फोन आला की पोटात गोळा येतो, पण काका म्हणे, "इकडे गार पडून राहिली बे. संत्र्याची वाट लागली. तुमच्याकडेच येऊन राहिलं ते, विमानं झाकून ठेवा."

म्हटलं काका, विमान काय स्कूटर आहे का ताडपत्री टाकायला. पिटो ट्यूबला, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीला, कव्हरं असतात, इंजिनला असतात, पण अख्ख्या विमानाला कोण झाकणार, साडेसदतीस मीटर लांब आहे ते. हँगरमधे ढकलायचं म्हटलं तर तीन विमानांची जागा आणि टो करायला वेळ दोन्ही पाहिजे. नागपूरचं हवामान केंद्र आमच्या एअरपोर्टलाच लागून आहे, तिकडूनही वॉर्निंग आली होती, वादळ आणि गारा. करण्यासारखं जे होतं ते केलं, कव्हरं लावली, चाकांखालचे चॉक तपासले, शिड्या आणि ट्रॉल्या विमानापासून लांब नेऊन बांधल्या, कारण वाऱ्याने शिडी विमानावर आपटली तर ते गारेपेक्षा महाग पडतं.

एक वीसला सुरू झालं. आमच्या ऑफिसवर पत्रा आहे, आत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. फक्त अकरा मिनिटं, मी घड्याळ बघत होतो. दाराच्या फटीतून दिसत होतं, विमानं उभी असतात तो एप्रन पांढरा होत चाललाय आणि गारा टप्पा घेऊन परत उडतायत. वर्ध्याचा पोरगा म्हणे, "सर, सुंदर दिसून राहिलं ना." मी काही बोललो नाही.

थांबल्या थांबल्या पहिलं काम काय केलं असेल तर दारातल्या पाचसहा मोठ्या गारा उचलून स्टीलच्या ग्लासात टाकल्या आणि पॅन्ट्रीच्या फ्रीजरमधे ठेवल्या. त्याआधी स्केल लावून फोटो. सगळ्यात मोठी २२ मिलिमीटर, बाकीच्या बोराएवढ्या. हे करायचं कारण असं की एमसीसीला, म्हणजे मेंटेनन्स कंट्रोलला फोन केला की ते पहिला प्रश्न विचारतात, गार केवढी होती? आणि सकाळी 'लिंबाएवढी होती साहेब' म्हटलं की कोणी विश्वास ठेवत नाही.

इथे एक मजा सांगतो. एअरपोर्टच्या हवामानाचा जो रिपोर्ट असतो ना, मेटार, त्यात गारेसाठी कोड आहे जीआर. फ्रेंच शब्दावरून आलाय पण आपल्याला लक्षात ठेवायला सोपं, गार म्हणजे जीआर. एमसीसीवाल्याने फोनवर विचारलं, "जीआर आला का?" मी म्हटलं हो आला. हेच मी नंतर काकाला सांगितलं की आमच्याकडे जीआर आला, तर काका उठून बसला. त्याला वाटलं नुकसानभरपाईचा शासन निर्णय निघाला, तोही गार वितळायच्या आत.

विजा चमकत होत्या तोपर्यंत एप्रन बंद, बाहेर जाऊन कामाला हात लावायचा नाही हा नियम, आणि तो बरोबरच आहे, मोकळ्या मैदानात चेरीपिकरवर, म्हणजे वर उचलणाऱ्या पाळण्यात, चढलेला माणूस म्हणजे विजेला आमंत्रण. दोन दहाला एप्रन उघडलं. बाहेर अंग कापेल अशी थंडी, मार्चमधे, नागपूरला! पायाखाली करकर करत गारा.

आता लोकांना वाटतं की इन्स्पेक्शन म्हणजे टॉर्च घेऊन गोल फेरी मारायची आणि डेंट दिसला की लिहायचा. तसं असतं तर साडेचारला मोकळे झालो असतो. पहिली अडचण म्हणजे पाणी. ओल्या पत्र्यावर डेंट दिसत नाही, प्रत्येक थेंब टॉर्चमधे डेंटसारखाच चमकतो. त्यामुळे आधी पुसणं आलं. तीन विमानांच्या पाठी, पंख, शेपट्या, सगळं डस्टरने पुसायचं आणि ते पण उंचावर, हार्नेस लावून. चेरीपिकर आमच्याकडे एकच, दुसरा शेजारच्या एअरलाइनचा, पण त्यांचीही दोन विमानं उभी होती, ते कशाला देतात.

दुसरं म्हणजे कुठे बघायचं ते. उडत्या विमानाला गार लागते तेव्हा मार समोरून बसतो, नाक, काचा, पंखाची पुढची कड, इंजिनचं तोंड, आतली फॅन ब्लेडं. मे २०२५ मधे दिल्ली-श्रीनगर विमान गारपिटीत सापडलं होतं तेव्हा तुटलेल्या नाकाचा फोटो सगळ्यांनी मोबाइलवर बघितला. त्याच्या आदल्या वर्षी जूनमधे पाल्माहून व्हिएन्नाला जाणाऱ्या ए-३२० चं तर नाकच उडून गेलं होतं. नाक म्हणजे रेडोम, आत वेदर रडार असतं म्हणून ते धातूचं करता येत नाही. दोन्ही विमानं नीट उतरली. पण १९७७ साली अमेरिकेत जॉर्जियामधे सदर्न एअरवेजच्या डीसी-९ ची दोन्ही इंजिनं वादळातल्या पाऊस-गारांनी बंद पडली आणि विमान रस्त्यावर उतरवताना जमिनीवरची नऊ माणसं धरून ७२ जण गेले. आमच्या ट्रेनिंगमधे ही केस शिकवतात.

उभ्या विमानाचं उलटं असतं. मार वरून, सरळ. इंजिन त्यामानाने वाचतं, काचाही वाचतात, पण पंखाची वरची बाजू, पंखावरच्या हलत्या झडपा म्हणजे स्पॉयलर आणि फ्लॅप, शेपटीचा आडवा पंख आणि विमानाची पाठ, म्हणजे नेमकं जे जमिनीवरून दिसतच नाही ते सगळं मार खातं. म्हणून सकाळी टर्मिनलच्या काचेतून बघणाऱ्या पॅसेंजरला विमान चकाचक दिसत होतं, त्याचं काही चुकलं नाही.

डेंट शोधायची पद्धत अशी, टॉर्च पत्र्यावर सरळ नाही मारायची, जवळजवळ आडवी धरायची, उजेड पत्र्याला घासत गेला पाहिजे. सपाट असेल तर उजेड सरळ सरकतो, खड्डा आला की एका कडेला नखाएवढी काळी चंद्रकोर उमटते. हे रात्रीच चांगलं दिसतं, दिवसा उन्हात अर्धे डेंट गायब. आणि टॉर्चपेक्षा मला स्वतःला बोटांवर जास्त भरवसा आहे. ग्लोव्ह काढून डोळे मिटून हात फिरवायचा. पोराला शिकवलं, त्याला आधी काहीच लागेना, मग एकदा लागलं आणि मग तर प्रत्येक रिव्हेटला म्हणे सर इथे पण आहे!

सापडला की ग्रीस पेन्सिलने गोल. तीन वाजता दुसऱ्या ए-३२० वर गोल करायला घेतले आणि साडेपाचला मोजले तर ६१.

आता खरं डोकं खाणारा भाग. विमान काही नवंकोरं नव्हतं. शिडी लागलेली असते, कॅटरिंगची गाडी टेकलेली असते, कधी पक्षी, कधी मागच्या वर्षीची गार. प्रत्येक विमानाचा एक डेंट चार्ट असतो, आयुष्यभराच्या जखमांची यादी समजा, सांगाड्यातल्या फ्रेम अमुक आणि स्ट्रिंगर तमुकच्या मधे एवढा लांब एवढा खोल डेंट, तपासला, लिमिटमधे आहे, तारीख, सही. ६१ मधले १२ त्या चार्टमधे सापडले. ४३ सरळ नवे. राहिले सहा. हे सहा दिसायला जुने, खड्ड्याच्या कडेला मळ बसलेला, पेंट पण जुना, मी शपथेवर सांगतो ते आदल्या रात्रीचे नव्हते. पण चार्टमधे नव्हते. आधी कोणीतरी ते बघितले नसणार किंवा बघून लिहिले नसणार. मग काय, चार्टमधे नाही म्हणजे आज सापडला, आज सापडला म्हणजे आज मोजायचा. कोणाचा तरी जुना आळस आमच्या खात्यावर.

म्हणजे ४९ डेंट. प्रत्येकाची लांबी, रुंदी, खोली, जवळच्या रिव्हेटपासूनचं अंतर, फोटो, जागा, मग एसआरएम उघडून, म्हणजे स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअल, त्या जागेला किती चालतं ते बघायचं. तोच डेंट पाठीवर मधोमध चालेल, पंखाच्या पुढच्या कडेला चालणार नाही, रिव्हेटच्या रांगेला चिकटून असेल तर आणखी वेगळा हिशोब. एका डेंटला दहा मिनिटं धरा. आठ तास झाले की नाही.

दरम्यान एटीआर सुटलं. दुसऱ्या इंजिनिअरने घेतलं होतं ते, लहान विमान, टर्मिनलच्या आडोशाला उभं होतं, पंखं-प्रोपेलर नीट बघून काही विशेष निघालं नाही, आठ चाळीसला रिलीज. पहिल्या ए-३२० वर नवे फक्त नऊ, सगळे लिमिटमधे, पण त्याच्यावर सही झाली दुपारी सव्वा वाजता. दोनशे मीटरवर उभ्या दोन विमानांत एकाला नऊ आणि एकाला ४३, असं का ते मला आजही कळलेलं नाही, गारेची मर्जी.

साडेसहाला कस्टमर सर्व्हिसची मुलगी रडकुंडीला येऊन म्हणे सर प्लीज एकदा येऊन तुम्हीच सांगा, माझं कोणी ऐकत नाहीये. आमचं काम नाही ते, पण गेलो. हात काळे, पँट गुडघ्यापर्यंत ओली. गेटवर दीडशे लोक. बोर्डवर डिले आधी एक तास, मग दोन, मग अडीच, असं हप्त्याहप्त्याने वाढवत नेलेलं, आणि मला विचाराल तर लोक त्यानेच जास्त चिडतात, उशिराने नाही. त्यावर आमचं म्हणणं असं की मोजून झाल्याशिवाय आम्हाला तरी कुठे माहीत असतं.

एक काका पुढे आले, साठीचे, खिशाला पेन. "डेंटच आहेत ना? माझ्या वॅगनआरला याच्यापेक्षा जास्त आहेत, रोज वर्धा रोडने जातो." लोक हसले, मी पण हसलो. मग त्यांना सांगितलं की काका, वॅगनआर फुगत नाही. विमान वर गेलं की आतून हवेचा दाब असतो, दर फ्लाइटला ते किंचित फुगतं आणि उतरलं की बसतं, दिवसातून पाचसहा वेळा, वर्षानुवर्षं. रिव्हेटजवळ पत्रा दबलेला असेल तर त्याच जागी ताण येत राहतो आणि तडा तिथून सुरू होऊ शकतो. काका जरा विचार करून म्हणाले, "मग आधीच सांगायचं ना हे." बरोबर होतं त्यांचं. माझ्यामागे एक आजी होत्या, मुंबईहून पुढे मुलीकडे जायची फ्लाइट होती त्यांची, त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त डब्यातली एक पोळी काढून म्हणाल्या, खाऊन घे, रात्रीपासून उपाशी दिसतोस. खाल्ली. पुढची फ्लाइट त्यांना मिळाली की नाही माहीत नाही, ती रुखरुख राहिलीच.

नाश्ता, पाणी, दुसऱ्या फ्लाइटवर जागा नाहीतर रिफंड, हे डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, नियमात बसतं आणि मागून घ्यायचं असतं, लाजायचं नाही. हवामानामुळे झालेल्या गोष्टीला रोख भरपाई मात्र मिळत नाही.

परत आलो तोवर पोराने टॅप टेस्ट सुरू केली होती. ए-३२० चा बहुतेक पत्रा अल्युमिनियमचा, पण शेपटी आणि स्पॉयलर वगैरे कार्बन फायबरचे. अल्युमिनियम प्रामाणिक असतं, मार बसला की खड्डा दाखवतं. कार्बन फायबर कधीकधी वरून साधं ओरखड्याएवढंही दाखवत नाही आणि आत थर सुटलेले असतात. म्हणून वाजवून बघायचं. छोटी हातोडी असते त्याला, जुने लोक नाणं वापरायचे. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, अगदी तसं. टिक टिक टिक टिक... आणि डाव्या पंखाच्या एका स्पॉयलरवर मधेच टप. मी खाली उभा होतो, मला खालूनच ऐकू आलं. पोरगा थांबला, परत वाजवलं. टिक, टिक, टप, टप, टिक. तळहाताएवढी जागा. वरून पेंटला काहीसुद्धा झालेलं नव्हतं, टॉर्चने दोनदा बघून गेलो होतो आम्ही तिथून. स्पॉयलर म्हणजे कार्बनच्या दोन पातळ थरांमधे मधमाशीच्या पोळ्यासारखा गाभा, आणि तो गाभा आत चेपलेला किंवा थर सुटलेला.

एमसीसीला कळवलं, विमान एओजी. एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड, म्हणजे आता ते विमान नाही, ती इमारत आहे.

मुंबईहून एनडीटीचा, म्हणजे पत्रा न तोडता आतलं तपासणारा, माणूस मागवला, अल्ट्रासॉनिक आणि एडी करंटची मशीनं घेऊन. आमचीच फ्लाइट कॅन्सल झाल्यामुळे तो दुसऱ्या एअरलाइनने आला आणि ती पण दोन तास लेट, कारण तिचं विमान रात्री नागपूरलाच उभं होतं! रात्री नऊला त्याने काम सुरू केलं. पाठीवरचे दोन डेंट रिव्हेटच्या फारच जवळ होते, तिथे तडा आहे का ते एडी करंटने बघायचं होतं. स्क्रीनवरची रेघ वर उसळली तर तडा. तो प्रोब फिरवत होता आणि आम्ही तिघं श्वास धरून त्या रेघेकडे बघत होतो, रेघ काही हलली नाही. स्पॉयलर मात्र गेलाच, बदला म्हणाला.

नवा स्पॉयलर मुंबईहून ट्रकने, समृद्धीवरून. पहाटे आला, कागद तपासताना एक सर्टिफिकेट कमी, ते स्कॅन करून यायला दुपार. बसवायला वेळ लागत नाही तेवढा, हायड्रॉलिक प्रेशर देऊन हालचाल तपासा, गळती बघा, चार्ट अपडेट करा, ४९ एंट्र्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सही केली.

आणि हे सगळं फक्त नागपूरचं. ते विमान पहिल्या दिवशी नागपूर-मुंबई-कोची-बंगळूर असं करत सहा फेऱ्या मारणार होतं. कोचीला कडक ऊन आणि तिथले लोक ऐकतायत की नागपूरला गार पडली म्हणून तुमची फ्लाइट नाही. वर आणि क्रूचे ड्युटीचे तास, ते रिपोर्ट केल्यापासून चालू होतात, विमान उडो न उडो, त्यामुळे विमान तयार झालं तेव्हा क्रू संपला असं पण झालं पहिल्या विमानाला, सव्वा वाजता माझी सही झाली आणि उडालं तीनला.

एकदा विजेचं पण झालं होतं माझ्याबरोबर, पावसाळ्यात. वीज विमानाला लागते यात काही विशेष नाही, सरासरी वर्षातून एकदा लागतेच म्हणतात आणि आतल्या लोकांना धाड आवाज येतो, बस. पण ती एकीकडून शिरते आणि दुसरीकडून निघते, आणि ते 'निघायचं' भोक आम्हाला शोधावं लागतं. राईच्या दाण्याएवढा वितळलेला रिव्हेट शोधायला तीन तास गेले होते तेव्हा. त्यापुढे गार परवडली, निदान गोल तरी दिसते.

चौथ्या दिवशी सुट्टी घेऊन काटोलला गेलो. काकाच्या बागेत तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला आले होते. मृग बहाराचा माल अर्धा तोडायचा राहिला होता, तो खाली पडलेला, पुढच्या आंबिया बहाराची बारीक फळं तर झाडून गेलेली. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर मदत, खाली असेल तर नाही. तलाठी एका झाडाखाली उभा राहून डोळ्यानेच अंदाज घेत होता. काकाने त्याला माझी ओळख करून दिली, "हा पोट्टा विमानाचा पंचनामा करते. एकेक खड्डा मोजून. तीन दिवस लागले त्याले, तुम्हाले दहा मिन्टं लागून राहिले." तलाठी ओशाळून हसला आणि दुसऱ्या ओळीत शिरला, दोन झाडं जास्त मोजली असतील.

निघताना काकाने पिशवीभर संत्री दिली, गारेने डाग पडलेली, बाजारात भाव नव्हता म्हणून. बसमधे एक हातात घेतलं आणि सवयीने अंगठा फिरवत बसलो. वरून डाग होता ते सोललं, आतून छान निघालं. मग एकही डाग नसलेलं सोललं, ते एका बाजूने पाणी झालेलं.

काकाचा काल परत फोन होता. जीआर अजून निघायचा आहे.